डॅन्यूबची क्रूझ ठरवताना: आधी नदी, मग बोट

आमच्या पहिल्या डॅन्यूब सफरीत ऑस्ट्रियातलं वाखाउचं खोरं आम्ही झोपेत पार केलं. मेल्क ते क्रेम्स हा जेमतेम ३४ किलोमीटरचा टापू. दोन्ही तीरांवर दगडी बांधांचे द्राक्षमळे पायऱ्यापायऱ्यांनी चढत जातात, मधूनच एखादा पडका किल्ला, एखादं निळं-पांढरं चर्च दिसतं. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर त्याचाच फोटो होता आणि तो पाहूनच आई-बाबा इतक्या लांब यायला तयार झाले होते. रात्री जेवणं झाली, बोट सुटली, आम्ही झोपलो. सकाळी पडदा सारला तर समोर व्हिएन्नाचा धक्का. बोटीवरच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "वाखाउ? ते रात्री एकनंतर गेलं." तिनं काही लपवलं नव्हतं. कार्यक्रमपत्रिकेत सुटण्याची आणि पोचण्याची वेळ छापलेली होती. तिचा अर्थ कसा लावायचा हे आम्हाला माहीत नव्हतं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सगळं उलट्या क्रमानं ठरवलं. आधी नदी, मग महिना, मग व्हिसा आणि सगळ्यात शेवटी बोट. तोच क्रम इथे देते आहे.

रात्री बोट का चालते

नदीवरची क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल. दिवसा प्रवाशांना गावात उतरवायचं, चर्च-राजवाडे दाखवायचे आणि रात्री ते झोपलेले असताना पुढचं गाव गाठायचं, हा या धंद्याचा साधा हिशेब. शहरं बघायला आलेल्याला तो सोयीचा पडतो. नदी आणि काठ बघायला आलेल्याचं मात्र त्यात मोठं नुकसान होतं, कारण शहर दुसऱ्या दिवशीही जागेवर असतं, आणि रात्री मागे पडलेला घाट परत येत नाही. म्हणून कुठलीही सफर निवडताना पहिला प्रश्न हाच ठेवा: निसर्गरम्य पट्टे ही बोट दिवसाउजेडी पार करते का?

पायरी पहिली: नदीचा पट्टा निवडा

डॅन्यूब सुमारे २,८५० किलोमीटर लांब आहे. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम पावून दहा देशांतून वाहत ती काळ्या समुद्राला मिळते. पहिल्यांदा जाणाऱ्याने पासाउ ते बुडापेस्ट हा साधारण ५८० किलोमीटरचा पट्टा घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. त्यात जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी हे चार देश येतात, चारही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, आणि नदीचे तीन सुंदर तुकडेही त्यातच आहेत.

अनेक सफरी पासाउच्या वरून, रेगेन्सबुर्ग किंवा न्यूरेम्बर्गहून सुटतात. ती शहरं सुरेख आहेत, पण वाटेत श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा बव्हेरियातला तुकडा लागतो. तिथे नदीवर बंधारा नाही, त्यामुळे पाण्याची पातळी राखता येत नाही. पाऊस ओढला की बोटी अडकतात त्या सहसा इथेच. उलट पाणी वाढलं की बोगेन इथल्या रेल्वेपुलाखालून बोट जात नाही. सुरुवात पासाउहून केली तर ही काळजी उरत नाही.

दुसऱ्या टोकाला बेलग्रेडच्या पुढचा आयर्न गेट हा घाट भव्य आहे. पण तिथवर जायला दिवस जास्त लागतात आणि व्हिसाचा एक वेगळा पेच पडतो. त्याबद्दल पुढे सांगते.

पायरी दुसरी: वेळापत्रक किलोमीटरच्या पाटीवरून वाचा

डॅन्यूबच्या काठावर किलोमीटरच्या पाट्या असतात, आणि हे अंतर उगमापासून नाही तर मुखापासून मोजलेलं असतं. म्हणजे समुद्राकडे जाताना आकडा कमी होत जातो. हे आकडे वहीत उतरवून ठेवा, पूर्ण नियोजनात याहून उपयोगी कागद दुसरा नाही.

पासाउ २२२६
श्ल्योगेनचं वळण २१८७
लिंत्स २१३५
मेल्क २०३६
ड्युर्नश्टाइन २००९
क्रेम्स २००२
व्हिएन्ना १९२९
ब्रातिस्लाव्हा १८६९
एस्टरगोम १७१९
विशेग्राद १६९५
बुडापेस्ट १६४७

आता हिशेब. प्रवाहाबरोबर जाताना बोट तासाला अंदाजे वीस किलोमीटर धरा, प्रवाहाविरुद्ध दहा ते बारा. शिवाय पासाउ ते व्हिएन्ना या पट्ट्यात जलविद्युत केंद्रांचे दहा बंधारे आहेत. प्रत्येकाशेजारी एक लॉक असतं, म्हणजे बोट आत घेऊन पाणी चढवायचा-उतरवायचा हौद. प्रत्येक लॉकला अर्धा तास धरून चाला.

समजा माहितीपत्रकात लिहिलंय, "लिंत्सहून संध्याकाळी ६ वाजता प्रस्थान, सकाळी ७ वाजता व्हिएन्ना." लिंत्स ते मेल्क ९९ किलोमीटर, म्हणजे पाच तास. वाटेतल्या चार लॉकचे दोन तास. बोट मेल्कला पोचते रात्री एकला, आणि पुढचं वाखाउ अंधारात. आमचं नेमकं हेच झालं होतं. पाच मिनिटांचं गणित आधी केलं असतं तर आई-बाबांची ती सकाळ तशी गेली नसती.

असा हिशेब तीन तुकड्यांसाठी करायचा.

पहिला श्ल्योगेनचा. पासाउच्या खाली नदी दाट झाडीच्या डोंगरांत शिरते आणि एका ठिकाणी जवळजवळ उलटी फिरते, आल्या वाटेनेच परत निघाल्यासारखी. पासाउहून हे वळण ३९ किलोमीटरवर, मध्ये योखेनश्टाइनचं लॉक. म्हणजे अडीच तास. दुपारी चारला सुटणारी बोट जूनमध्ये तिथे लख्ख उजेडात पोचेल. ऑक्टोबरच्या अखेरीस मात्र पोचेपर्यंत अंधार झालेला असेल.

दुसरा वाखाउचा. त्यासाठी कार्यक्रमात "मेल्क ते ड्युर्नश्टाइन, दिवसा प्रवास" किंवा त्या अर्थाचं काहीतरी स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं "वाखाउ खोऱ्याचा आनंद घ्या" पुरेसं नाही. काही सफरींत आदल्या गावाहून बसने मेल्कचा मठ दाखवून परत आणतात. मठ पाहायचा राहत नाही, नदी राहते.

तिसरा डॅन्यूबच्या कोपराचा. पूर्वेकडे वाहणारी नदी विशेग्रादजवळ डोंगरातून काटकोनात दक्षिणेला वळते. वर टेकडीवर किल्ला, आणि थोडं आधी एस्टरगोमची बॅसिलिका, हंगेरीतलं सगळ्यात मोठं चर्च. इथे एक पेच आहे. बुडापेस्ट रात्रीच्या रोषणाईत बोटीवरून पाहणं हा या प्रवासातला एक मोठा आनंद आहे, म्हणून बऱ्याच बोटी तिथून रात्री नऊ-दहाला सुटतात. संसदभवन, १८४९ साली खुला झालेला साखळीपूल, बुडाचा राजवाडा, सगळं सोनेरी दिसतं, आणि लगेच पुढचा ४८ किलोमीटरवरचा कोपरा अंधारात जातो. दोन्ही हवं असेल तर पासाउ–बुडापेस्ट–पासाउ अशी सात रात्रींची जाऊन-येऊन सफर निवडा. तिच्यात एकच पट्टा दोनदा पार होतो. जाताना रात्री गेलेला तुकडा येताना दिवसा मिळण्याची शक्यता असते. ती शक्यता खरी आहे की नाही, हे वरच्या यादीवरून तुम्हालाच ताडून पाहता येईल.

एकाच दिशेची सफर घेणार असाल तर प्रवाहाविरुद्धची, म्हणजे बुडापेस्टहून पासाउकडे जाणारी घ्या. वाखाउत दिवसा फेऱ्या मारणाऱ्या बोटी मेल्कहून क्रेम्सला पावणेदोन तासांच्या आतबाहेर उतरतात. उलट चढायला त्यांना जवळजवळ तीन तास लागतात. देखावा तोच, वेळ दीडपटीहून अधिक.

एजंटला हे सगळं फोनवर विचारू नका, ईमेलवर विचारा. "मेल्क ते क्रेम्स हा टप्पा बोट किती ते किती वाजता पार करते?" असा एका ओळीचा प्रश्न. उत्तरात वेळ आली तर उत्तम. नुसती विशेषणं आली तर दुसरी सफर बघा.

पायरी तिसरी: महिना

आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत परदेश, हे ठरलेलं गणित. डॅन्यूबला मे-जून चांगलेच, दिवस लांब, व्हिएन्नात जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. पण आल्प्सचं बर्फ याच काळात वितळतं, त्यामुळे पाणी चढण्याचा संभव असतो. पासाउच्या जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर पुरांच्या खुणा कोरल्या आहेत. २०१३ च्या जूनमध्ये तिथे पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं, १५०१ नंतरचा सगळ्यात मोठा पूर. ती खूण पाहताना मान किती वर करावी लागते, हे तिथे उभं राहूनच कळतं.

मार्चअखेर ते एप्रिलमध्यापर्यंत वाखाउत जर्दाळूची झाडं फुलतात, आणि जुलैत फळं येतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षांची तोडणी. आम्ही दुसऱ्यांदा सप्टेंबरच्या शेवटी गेलो. बाबा सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षांच्या गावचे, त्यांनी उतारावरच्या त्या बागांकडे बघत बांध कसे घातलेत, पाणी कुठून येत असेल, याचीच चर्चा दोन दिवस केली. शेतीशी नातं असलेल्यांनी हाच काळ निवडावा.

नाताळच्या बाजारांसाठी डिसेंबरच्या सफरी निघतात. बाजार सुंदर असतात यात शंका नाही. पण व्हिएन्नात त्या दिवसांत चार वाजताच सूर्य मावळतो. नदी बघायला जाणाऱ्याने तेव्हा जाऊ नये.

पायरी चौथी: पाणी आणि करारपत्र

समुद्रावरच्या क्रूझमध्ये हा मुद्दा येत नाही, नदीवर तो सगळ्यात महत्त्वाचा. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्ट्रियात महापूर आला आणि डॅन्यूबवरची वाहतूक थांबवावी लागली. २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यांत उलटं झालं, पाणी आटलं. अशा वेळी कंपनी तीनपैकी एक करते: बोट एकाच जागी उभी ठेवून बसने फिरवते, अडथळ्याच्या पलीकडे उभ्या असलेल्या दुसऱ्या बोटीवर प्रवाशांना हलवते, किंवा सफर रद्द करते. पहिल्या दोन गोष्टींत बहुतेक करारांनुसार पैसे परत मिळत नाहीत.

म्हणून पैसे भरण्याआधी करारपत्रातलं पाण्याच्या पातळीबद्दलचं कलम शोधून वाचा. मी तीन गोष्टी बघते. बोट किती दिवस चाललीच नाही तर भरपाई मिळते? बोट बदलली तर खोलीचा दर्जा तोच राहतो का? आणि सफर रद्द झाल्यास आपल्या विमानाच्या तिकिटाचं काय? प्रवासविम्यात पाण्याच्या पातळीमुळे झालेलं नुकसान धरलेलं आहे का, हेही विमा घेतानाच लेखी विचारा, कारण साध्या पॉलिसीत ते बहुधा नसतं.

कलम वाचून घाबरायचं कारण नाही. पासाउच्या खालचा बराचसा पट्टा बंधाऱ्यांमुळे राखलेला आहे. मोकळा वाहतो तो मुख्यतः वाखाउचा तुकडा, व्हिएन्नापासून ब्रातिस्लाव्हाकडचा आणि हंगेरीतला बुडापेस्टपर्यंतचा. धोका माहीत असला की सफरीच्या आधीचा आणि नंतरचा एकेक दिवस मोकळा ठेवायची बुद्धी होते, एवढंच.

पायरी पाचवी: व्हिसा

पासाउ–बुडापेस्टसाठी एकच शेंगेन व्हिसा पुरतो. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा याचा नियम असा: ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे, आणि दिवस सारखे असतील तर जिथे आधी शिरणार त्याच्याकडे. विमानानं म्युनिकला उतरतोय म्हणून जर्मनीकडे अर्ज करायचा, असं नाही. कार्यक्रमपत्रिका घ्या आणि कुठली रात्र कुठल्या देशात जाते ते मोजा. बहुतेक वेळा ऑस्ट्रियाचं पारडं जड निघतं. बुडापेस्टला तीन-चार दिवस जास्त राहणार असाल तर हंगेरीचं होऊ शकतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी केलेला असावा लागतो. प्रत्यक्षात उन्हाळ्याच्या हंगामात मुंबईत भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात, तेव्हा तीन महिने आधी कामाला लागा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, वर व्हिसा केंद्राचा आकार. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा आणि पूर्ण शेंगेन क्षेत्राला लागू असलेला. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात.

क्रूझच्या अर्जात लोक चुकतात ती गोष्ट वेगळीच आहे. हॉटेलच्या आरक्षणाच्या जागी बोटीचं आरक्षणपत्र लागतं. त्यात प्रत्येक प्रवाशाचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं, खोलीचा क्रमांक किंवा प्रकार हवा, आणि तारीखवार बंदरांची यादी हवी. एजंटनं दिलेली नुसती पैशांची पावती चालत नाही. बोटीवर चढण्याआधीच्या आणि उतरल्यानंतरच्या रात्रींची हॉटेलंही जोडा, नाहीतर तारखांत भोक पडतं आणि शंका तिथूनच सुरू होते. सोबत बँकेची विवरणपत्रं, प्राप्तिकराची विवरणपत्रं, नोकरीतल्याला रजेचं पत्र. आई-बाबांचा खर्च तुम्ही करत असाल तर तसं पत्र आणि नात्याचा पुरावा.

पैसे पूर्ण भरण्याआधी "व्हिसा नाकारला तर किती परत मिळतील" याचं लेखी उत्तर घ्या. अनामत भरून आरक्षणपत्र मिळत असेल तर तेवढंच भरा.

आता तो बेलग्रेडचा पेच. सर्बिया शेंगेनमध्ये नाही. १ जानेवारी २०२३ पासून भारतीयांना तिथे व्हिसा लागतो, मात्र चालू शेंगेन व्हिसा असेल तर त्यावर प्रवेश मिळतो. इथवर ठीक. पण सर्बियात शिरलात म्हणजे शेंगेनमधून बाहेर पडलात. बोट पुढे रोमानिया-बल्गेरियाला गेली, किंवा मागे हंगेरीला आली, की तुम्ही शेंगेनमध्ये पुन्हा प्रवेश करता. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर तिथे अडलात. म्हणून बुडापेस्टच्या खाली जाणाऱ्या कुठल्याही सफरीसाठी अर्जात एकाहून अधिक प्रवेश मागा आणि का हवेत ते बंदरांच्या यादीसकट पत्रात लिहा. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी एक सवलतही आहे: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नियमानुसार वापरले असतील, तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो. जुने पासपोर्ट टाकून देऊ नका.

पायरी सहावी: बोट आणि खोली

या बोटी साधारण ११० ते १३५ मीटर लांब आणि साडेअकरा मीटरच्या आत रुंद असतात. लांबी वाढते, रुंदी नाही, कारण माइन-डॅन्यूब कालव्याची लॉकं बारा मीटरच रुंद आहेत. कुठल्याही कंपनीची घ्या, खोल्या लहानच असतात.

सगळ्यात खालच्या मजल्यावर खिडकी पाण्याच्या जेमतेम वर असते आणि उघडत नाही. वरच्या मजल्यांवर जमिनीपासून छतापर्यंत काच आणि बाहेर कठडा. दोन्हींच्या किमतीत मोठा फरक असतो. मी तो फरक वाचवून खालची खोली घेते आणि दिवसभर गच्चीवर बसते. तिथूनच मला नदी दोन्ही तीरांसह दिसते, खोलीतून एकच दिसते. शिवाय शहरांत धक्के कमी पडतात, म्हणून बोटी एकमेकींना खेटून उभ्या करतात, आणि महागड्या खोलीच्या काचेतून शेजारच्या बोटीतल्या खोल्या दिसतात. खालच्या मजल्यावर इंजिनापासून लांबची, म्हणजे पुढच्या बाजूची खोली मागा.

वरची, मोठ्या काचेची खोली घ्यायचीच असेल तर तीर बघून घ्या. नर्मदा परिक्रमेला निघालेल्याला आपण कुठल्या तटावर आहोत हे सतत ठाऊक असतं, तसंच इथेही ठेवावं. वाखाउत श्पित्स, वाइसनकिर्खन, ड्युर्नश्टाइन, क्रेम्स ही सगळी डाव्या तीरावर. मेल्कचा मठ आणि आग्श्टाइनचा किल्ला उजव्या. नदीचा डावा-उजवा तीर प्रवाहाच्या दिशेनं तोंड करून ठरवतात, त्यामुळे वर चढणाऱ्या बोटीत ही गावं तुमच्या उजव्या हाताला येतात.

वयस्कर मंडळी बरोबर असतील तर लिफ्टबद्दल नीट विचारा. लिफ्ट आहे म्हणजे ती प्रत्येक मजल्यावर जाते असं नाही. सगळ्यात खाली आणि गच्चीवर बहुधा जात नाही. आईचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही तिला मधल्या मजल्यावर खोली घेतली, तिथे पैसे वाचवले नाहीत. नदीवरच्या बोटींवर सहसा डॉक्टर नसतो, गरज पडली तर काठावरच्या गावात न्यावं लागतं. औषधं पूर्ण प्रवासाची आणि वर आठवड्याची, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या सामानात ठेवा. गावांतले जुने रस्ते दगडी आहेत, बूट जाड तळव्याचे हवेत.

पैसे, पोट आणि विमान

विमानाचं तिकीट म्युनिकला जायचं आणि बुडापेस्टहून यायचं, किंवा उलट, असं एकत्र काढा. म्युनिकच्या विमानतळाहून पासाउ रेल्वेनं दोन-अडीच तासांवर आहे. उतरल्याच दिवशी बोट पकडू नका. एक रात्र पासाउत काढा. इन, डॅन्यूब आणि इल्झ अशा तीन नद्या तिथे मिळतात. इन हिमनद्यांचं हिरवट पाणी आणते, इल्झचं पाणी दलदलीच्या मातीमुळे काळसर, आणि संगमाच्या टोकावर उभं राहिलं की रंग वेगवेगळे वाहताना दिसतात. आई तिथे बराच वेळ हात जोडून उभी होती.

किमतींची तुलना करताना आकडे शेजारीशेजारी ठेवून भागत नाही. गावांतल्या सहली किमतीत धरल्या आहेत की वेगळ्या, पेयं, बंदराचे आकार, कर्मचाऱ्यांचं टिप, एकट्या प्रवाशाला लागणारा जादा आकार, हे सगळं एका कागदावर मांडून बेरीज करा. भारतातल्या एजंटकडून घेतली तर परदेशी सहलीवरचा टीसीएस, म्हणजे एजंट आपल्याकडून आधीच वसूल करतो तो कर, वर लागतो. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण भरताना रक्कम हाताशी हवी. हंगेरीचं चलन फोरिंट, बाकी तीन देशांत युरो. फोरिंट थोडेच घ्या.

शाकाहारी आहोत एवढं सांगून थांबू नका. मांस नाही, मासे नाहीत, अंडं चालतं की नाही, असं सुटं करून आरक्षणाच्या वेळीच लिहून द्या आणि पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकप्रमुखाला पुन्हा सांगा. आम्हाला रोज काही ना काही नीट मिळालं. ऑस्ट्रियात जर्दाळू भरलेले उकडलेले गोळे, मारिलेनक्न्योडल, मागून खा. बुडापेस्टला लांगोश, तळलेली जाड पोळी, बाबांना भटुऱ्याची आठवण करून देणारी.

घरून काय न्यायचं? भडंग, चिवडा, मेतकूट, चटण्या, दशम्या चालतात. मात्र दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून आणायला बंदी आहे. तूप, पेढे, पनीर घरीच ठेवा. दशम्या दुधात भिजवलेल्या असतील तर त्याही नकोत, पाण्यातल्या करा.

बोटीवर गेल्यावर

पहिल्या दिवशी पासपोर्ट जमा करून घेतात, त्याची छायाप्रत आणि व्हिसाच्या पानाची प्रत खिशात असू द्या. रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा कागद खोलीत येतो. त्यातली सुटण्याची वेळ आपल्या यादीशी लावून पाहा आणि रम्य पट्टा किती वाजता येणार ते काढा. वेळा बदलतात. लॉकपाशी मालवाहू बोटींची रांग असली तर तास-दीड तास सहज जातो. शंका वाटली तर थेट स्वागतकक्षात विचारा, "उद्या किलोमीटर २०३६ ला किती वाजता?" असा प्रश्न कानावर पडला की ते लोक मनापासून उत्तर देतात, आमच्या बोटीवर तर एका खलाशानं नकाशाच आणून दिला.

पूल खूप खाली असले की गच्ची बंद करतात, खुर्च्या आणि छत आडवं घालतात. तेवढ्यापुरतं पुढच्या बाजूच्या काचेच्या दालनात जागा धरा.

व्हिएन्नात नदी जुन्या शहरातून वाहत नाही. धक्का राइशब्र्युके पुलापाशी, शहराच्या कडेला. तिथून जवळच्या फोरगार्टनश्ट्रासे स्थानकाहून यू-१ मेट्रो थेट श्टेफान्सप्लात्सला जाते, त्यासाठी महागडी सहल घ्यायची गरज नाही. वाखाउतल्या विलेनडॉर्फला १९०८ साली सापडलेली ११ सेंटीमीटरची दगडी स्त्रीमूर्ती व्हिएन्नाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. बोटीवरून ते गाव पाहून झाल्यावर ती पाहिली की दोन्ही जुळतात.

क्रूझ परवडत नसेल तर

तरी वाखाउ सोडू नका. व्हिएन्नाहून सकाळी रेल्वेनं क्रेम्सला जा, तिथून दिवसा चालणाऱ्या बोटीनं प्रवाहाविरुद्ध मेल्कपर्यंत, मठ बघा, आणि रेल्वेनं संध्याकाळी व्हिएन्नात परत. डीडीएसजी आणि ब्रांडनर या दोन कंपन्यांच्या बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात. एका दिवसात, क्रूझच्या किमतीच्या अगदी लहानशा भागात, तो ३४ किलोमीटरचा तुकडा पूर्ण उजेडात मिळतो. ज्यांना सात रात्री बोटीवर राहण्याची ओढ नाही, त्यांना मी हाच मार्ग सांगते.

दुसऱ्या सफरीत आमची बोट सकाळी नऊला क्रेम्सहून वर निघाली. आई शाल घेऊन गच्चीवर आली आणि वहीतली यादी तिनं मांडीवर उघडली. काठावर २००५ ची पाटी गेली, मग २००६. ड्युर्नश्टाइनचा निळा मनोरा वळणावर दिसला तेव्हा तिनं २००९ च्या पुढे पेन्सिलीनं बरोबरची खूण केली, आणि बाबांना म्हणाली, "चहा आत्ता नको, मेल्क होऊ दे."